दादांची होडी आणि माझे सात वर्षांचे टायर

दुकानाची मागची खोली,
गुरुवार, दहा तारीख, दुपार

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. रविवारपासून माझी आठही अंगं एका वेळी एका दिशेला वळायला तयार नाहीत. कारण पुढे येईल.) इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तिकडे तुमची प्रकृती कशी आहे हे विचारायचीही रीत आहे, पण ती मी मोडतो. तुम्ही 'ठणठणीत' एवढंच लिहिणार. वहिनींच्या बाबतीतही तुम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत तोच शब्द लिहीत होतात, आणि तेव्हापासून त्या शब्दावरून माझं मन उडालं आहे.

फोन का केला नाही, असं मनात येईल. केला होता, रविवारपासून चौदा वेळा केला. तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर 'ऑपरेशन' शब्द पुरा व्हायच्या आत ठेवता. पत्राचं तसं नसतं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही, मग लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला का होईना. माझं मागचं पत्र तुम्ही दहापैकी साडेचार देऊन परत पाठवलंत, आणि खाली 'मुद्द्यावर यायला उशीर' असा शेरा मारलात. म्हणून या वेळी मुद्दा आधीच मांडतो. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या हृदयाची झडप थकली आहे. ती बदलायला त्यांनी सोमवारची, एकवीस तारीख दिली आहे, आणि ती चुकली तर पुढचं त्या सांगत नाहीत, नुसत्या चष्मा पुसतात. तुम्ही त्यांना तोंडावर सांगून आलात की आधी माझी होडी पाण्यात उतरेल, मी तिच्यात बसेन, आणि मगच तुमच्या टेबलावर झोपेन. होडी माझ्या दुकानामागच्या अंगणात होती. ती तुमच्या तळ्यावर आणून पोहोचवायची जबाबदारी माझी होती. रविवारी सकाळी दहाला पोहोचतो असं मी कबूल केलं होतं. पोहोचलो नाही. का पोहोचलो नाही, ते आता सविस्तर सांगतो. (इथून पुढे उशीर झाला तर गुण कापू नयेत.)

ज्याचं टायरचं दुकान आहे, ज्याने तेराव्या वर्षी रस्त्याच्या कडेला पाण्याची परात आणि हातपंप घेऊन बसायला सुरुवात केली, त्याचाच टायर फुटतो कसा, हा प्रश्न आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांनी विचारून झाला आहे. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून ठेवून मुद्दाम विचारायला आला होता. त्याला मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो. गेली तीस वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रवचन देत आलो आहे. टायर म्हातारा झाला की चेहऱ्यावरून कळत नाही. जो रोज पळतो तो झिजतो, सगळ्यांना दिसतं, वेळेवर बदलला जातो. जो उभा असतो त्याची नक्षी नव्यासारखी राहते आणि तो आतून, उन्हाने आणि एका जागी बसून बसून, कुरकुरीत होत जातो. ट्रेलरचे टायर असेच मरतात. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा, आणि पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षीकडे न बघता बदला. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की दुकानातला उस्ताद (तोच, ज्याच्या डाव्या हाताला अंगठा नाही आणि जो तरीही सगळ्यांना अंगठा दाखवतो) माझ्या आधी वाक्य पुरं करतो.

आता तुमच्या ट्रेलरचे टायर. ते सात वर्षांपूर्वी मीच बसवले, कोरे करकरीत. अकरा वर्षं रविवारचे रविवार खपून तुम्ही होडी पुरी केलीत, आम्ही सगळ्यांनी मिळून ती ट्रेलरवर चढवली, आणि त्याच महिन्यात वहिनी आजारी पडल्या. ताडपत्री घातली ती घातलीच. पुढे त्या गेल्या, तुम्ही दोन पिशव्या घेऊन तळ्याकाठी राहायला गेलात, आणि होडी माझ्या अंगणात उभी राहिली. माझ्या अंगणात मळका टायर मला सहन होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या टायरांना मी स्वतः काळं पॉलिश मारत असे. सात वर्षं, बारा महिने, म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा. त्यांना पडलेल्या चिरांवर मी चौऱ्याऐंशी वेळा माझ्या हाताने पॉलिश भरलं आणि मागे सरून, वा, काय चकाकतात, असं म्हटलं. शनिवारी निघायची तयारी करतानाही हवा भरली, नट आवळले, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, दिव्यांची वायर तपासली. ते चार आकडे वाचायला मात्र खाली वाकलो नाही. आपल्या घरच्याचं वय आपण कशाला विचारतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित पोहोचलोही असतो. पण शनिवारी सकाळी धाकटी आली. आपली बहीण मोकळ्या हाताने आणि मोकळ्या तोंडाने कुठे जात नाही, हे तुम्ही जाणता. तुमचं जे सामान चार वर्षं तिच्या माळ्यावर पडलं आहे ते तिच्या डोळ्यांत सलत होतं. 'होडी जातेच आहे तर' असं म्हणून तिने सुरुवात केली. होडी जातेच आहे तर दादाची पुस्तकांची ट्रंक जाऊ दे. ट्रंक जातेच आहे तर लोखंडी पलंग. पलंग जातोच आहे तर वहिनींचं शिलाई मशीन, ते माझ्याकडे बघवत नाही मला. मी म्हटलं, अगं, होडी आहे, टेम्पो नव्हे. त्यावर ती म्हणाली, 'तुला दादाचं काही पोहोचवायचं नसेल तर तसं सांग.' मग घरातून आमची ही बाहेर आली आणि तिने आडपडदा न ठेवता सरळ विचारलं की भाऊजींना दवाखान्यातून आल्यावर निजायला पलंग लागेल की नाही. या दोघी एका बाजूला झाल्या की मी हवा गेलेल्या ट्यूबसारखा बसतो. होडीचा पुढचा भाग तुम्ही फळ्यांनी बंद केला आहे, म्हणून सगळं सामान मागच्या अंगाला रचलं गेलं. हे लक्षात ठेवावं.

धाकटीबरोबर तिचे यजमान होतेच. मापवाले. (त्यांना पाठीमागे सगळे मापवालेच म्हणतात, आता तर ते स्वतःही फोन उचलून तसंच सांगतात.) एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढल्यावर या माणसाला उभ्या नोकरीत एकही काटा बरोबर सापडलेला नाही. ट्रेलरच्या दांड्यावर पत्रा आहे, त्यावर लिहिलंय की ट्रेलरसकट सगळं मिळून नऊशे किलोच्या वर जाता कामा नये. मी तो त्यांना दाखवला. त्यांना तेवढंच हवं होतं. घरून त्यांनी आपला हुकाचा काटा आणला, एकेक वस्तू टांगून वजन केलं (शिलाई मशीन टांगलं तेव्हा ते स्वतःच वर उचलले गेले), आणि वहीत लिहिलं: ट्रेलर दोनशे दहा, सामान दोनशे पासष्ट, होडी तीनशे ऐंशी. होडीचं वजन त्यांनी तुमच्या जुन्या कागदावरून घेतलं, ज्यावर तुम्ही फळी-फळीचं वजन मांडून ठेवलं होतं. बेरीज आठशे पंचावन्न. 'पंचेचाळीस किलो अजून शिल्लक आहेत,' असं ते म्हणाले, आणि धाकटी ताबडतोब गादी आणायला घरी गेली.

शेवटी मी ट्रेलरचा दांडा गाडीच्या हुकावर ठेवायला उचलला आणि तो एका हाताने उचलला गेला. मापवाले म्हणाले, बघा, किती हलकं भरलंय. दादा, खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं. हुकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पडायला हवा. दांडा हलका लागला याचा अर्थ गाडा हलका आहे असा नसून शेपटी जड आहे असा असतो, आणि शेपटी जड असलेला ट्रेलर वेग घेतला की कुत्र्यासारखी शेपटी हलवायला लागतो. हे मी गिऱ्हाइकांना चित्र काढून समजावतो. पण सगळं उतरवून पुन्हा पुढे रचायचं म्हणजे दुपार गेली असती, धाकटी रडली असती, आणि दुसऱ्या दिवशी दहाला तुम्ही तळ्याच्या धक्क्यावर उभे राहणार होतात. मी दांडा बसवला, साखळी अडकवली आणि गप्प राहिलो.

रविवारी पहाटे निघालो. गाडीत पुढे मी आणि ही, मागे मांडीवर गादी घेतलेली धाकटी आणि मापवाले. भंगाराच्या मोठ्या गोदामाशी वजनकाटा आहे. मनाची शांती म्हणून ट्रेलर त्यावर घेतला. काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला, बाराशे चाळीस. मी म्हटलं, किती? तो म्हणाला, 'बाराशे चाळीस. होडी आहे की तोफ?' मागच्या सीटवर मापवाले ताठ झाले. त्यांनी उतरून काट्याभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टोकाने फळी दाबून पाहिली, आणि सांगितलं की हा काटा वीस किलोच्या घरात मोजतो, ट्रकांसाठी आहे, बारीक मालाला याचा विश्वास धरू नये, शिवाय पूर्वेकडची बाजू खचली आहे. काटेवाला म्हणाला, तीनशे पंच्याऐंशी किलो खचलीय का. मापवाल्यांनी त्याला तपासणीची तारीख विचारली. त्याने त्यांना वय विचारलं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. माझे कान चांगले आहेत, आणि कोण खरं बोलतंय ते मला ऐकू येतं. काटा खरं बोलत होता. पण मेहुण्याला खोटं पाडायचं म्हणजे परत फिरायचं, आणि परत फिरायचं म्हणजे एकवीस तारीख गेली. मी म्हटलं, चला, हळू जाऊ.

हळू गेलोही. पन्नास किलोमीटर ताशी पन्नासनेच गेलो. दर अर्ध्या तासाला थांबून चाकाच्या मधोमध हात लावून बघत होतो. बेअरिंग गार होतं, टायर मात्र गरम लागत होते. आणि मागून एक आवाज येत होता. टायरचा नव्हे. घळघळ, मग थांबून पुन्हा घळघळ. हिला विचारलं, पाण्याची बाटली सांडतेय का. ती म्हणाली, बाटली माझ्या मांडीवर आहे. मग मला वाटलं मापवाल्यांचं पोट असावं, सकाळी काही खाल्लं नव्हतं त्यांनी, आणि माणसाच्या पोटाबद्दल चारचौघांत विचारणं बरं दिसत नाही. मी गप्प राहिलो. (या सगळ्या हकिगतीत मी किती वेळा गप्प राहिलो ते मोजून ठेवावं. गुण त्यावर द्यावेत.)

उताराला लागलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मापवाले घड्याळ बघून म्हणाले, या चालीने दादा धक्क्यावरच म्हातारे होतील. धाकटी त्यांना म्हणाली, असं अभद्र बोलू नका. मग कोणीच काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्यात माझा पाय थोडा दाबला गेला. सत्तर झाले. ही आरशात बघून म्हणाली, 'होडी डावीकडून दिसतेय.' मग म्हणाली, 'आता उजवीकडून दिसतेय.' मागून मापवाले म्हणाले, वारा आहे. झाडाचं पान हलत नव्हतं. मी ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय, कारण अशा वेळी करकचून ब्रेक मारला की ट्रेलर गाडीच्या पुढे जायला बघतो. मी नुसता पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. तेवढ्यात मला डाव्या टायरचा आवाज बदललेला ऐकू आला. आधी गुणगुणत होता, मग घसा बसल्यासारखा झाला. मी 'धरा' म्हणालो, आणि तो फुटला. पुढचं सगळं फार सावकाश झालं असं वाटतं. आम्ही रस्ता सोडून एका सपाट आवारात शिरलो, गाडी अर्धी वळली, होडी ट्रेलरवर दोरांत एकदा कण्हली, आणि सगळं थांबलं. माझी मान तेव्हाच गेली. बाकी कोणाला खरचटलंही नाही. धाकटीच्या मांडीवरची गादी माझ्या डोक्यावर होती.

धूळ खाली बसल्यावर आजूबाजूला पाहिलं, तर चारी बाजूंना पांढरे दगड उभे. थडग्यांचे दगड कोरणाऱ्याचं अंगण होतं ते. बहुतेक कोरे होते, दोन-चारांवर नुसती जन्माची तारीख होती आणि पुढे एक आडवी रेघ. कारागीर एप्रन झटकत बाहेर आला. चांगला माणूस, आवाज मऊ, धंद्यानेच आलेला मऊपणा. त्याने आमचे चेहरे पाहिले, धाकटीचे डोळे पाहिले, आणि विचारलं, 'कोणासाठी हवाय?' धाकटी तिथे जी रडायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. हिने तिला ओट्यावर बसवलं. मापवाले एका दगडाला टेकले आणि लगेच बाजूला झाले. मी कारागिराला सांगितलं, आम्हाला काही नको, आमचा टायर फुटलाय. तो म्हणाला, मी घाईचं काम घेत नाहीच, घाईत तारखा चुकतात.

स्टेपनी होती. पण होडीत, सगळ्यांच्या तळाशी. तेव्हा ते सामान आम्ही एकेक करून त्या दगडांमध्ये उतरवलं. ट्रंक, पलंग, शिलाई मशीन. पलंग जमिनीवर उभा केल्यावर कारागिराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होडीत उतरलो तर तळाच्या फळ्यांखाली पाय घोट्यापर्यंत पाण्यात. सात वर्षांचं पावसाचं पाणी, दादा. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, आणि पाणी जे आत गेलं ते बाहेर आलं नाही, कारण तुम्ही होडी बांधलीच तशी आहे. तळाचं बूच काढलं तेव्हा पंधरा मिनिटं धार चालली होती. मापवाले धारेकडे बघत उभे होते. त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि वही खिशात ठेवून म्हणाले, 'मी होडी रिकामी धरली होती.' एकतीस वर्षांत त्या माणसाने चूक कबूल करताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

स्टेपनी बाहेर काढली. चकाकत होती, नक्षी कोरी. चष्मा लावला आणि या वेळी आकडे वाचले. सात वर्षं आणि तीन आठवडे. तिच्या भावाचीच जुळी. बोटाने पॉलिश खरवडलं तर खाली भेगाच भेगा. मी ती लावली नाही. हा रविवारचा माझा एकमेव शहाणपणाचा निर्णय, आणि तो साडेदहा वाजता घेतला गेला, म्हणजे तुम्ही धक्क्यावर उभे राहून अर्धा तास झाला होता. तुम्ही तिथे साडेपाचपर्यंत होतात हे मला तुमच्या शेजारणीकडून कळलं. तिने दोनदा खुर्ची आणून दिली आणि तुम्ही दोनदा परत पाठवलीत, हेही कळलं. ते ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

तर आता सद्यःस्थिती. होडी त्या कारागिराच्या अंगणात उभी आहे. सामान त्याच्या शेडमध्ये. ट्रेलरचा आस वाकला आहे, डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे तडकले आहेत, रिम चपटी झाली आहे, आणि या मापाचा आस आता कोणी बनवत नाही असं उस्ताद म्हणतो. लांबून मागवावा लागेल. उस्तादाच्या अंदाजाने तीन महिने, माझ्या अंदाजाने चार. माझा नाइलाज आहे. एवढ्या मोठ्या रिकाम्या काळात तुम्ही काय करावं, हे मी सांगायला नको, तुम्ही सुज्ञ आहात.

शेजारीणबाईंना नमस्कार. त्यांची खुर्ची पुढच्या वेळी घ्यावी.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वरचं 'सुज्ञ आहात'चं वाक्य तुम्ही 'मोघम' असा शेरा मारून सोडून द्याल, म्हणून उघड लिहितो. तीन-चार महिने होडी येत नाही, तेव्हा तोवर एकवीस तारखेला ऑपरेशन उरकून घ्यावं. बरे होऊन आलात की होडी दारात हजर. हेच सांगायला हे सगळं लिहिलं.

दुसरा ता. क. जेवायला घरी गेलो, पुन्हा येऊन पत्र वाचलं. तुम्हाला खोटं लिहून पचत नाही. आस वाकलेला नाही. पाटे शाबूत आहेत. होडी मंगळवारीच, ट्रेलरसकट मालट्रकवर चढवून, परत माझ्या अंगणात आणली, बुधवारी उस्तादाने दोन्ही टायर आणि स्टेपनी नवीन बसवली, रिम बदलली. वजन केलं, रिकामी, सुकी, पाचशे ऐंशी, ट्रेलरसकट. (मापवाले म्हणाले, काटा बरोबर आहे.) मग मी दोन्ही चाकं काढून घेतली आणि ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला. चाकं माझ्या पलंगाखाली आहेत. तुम्ही दवाखान्यात दाखल झालात असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितल्याशिवाय ती बाहेर निघणार नाहीत. याला तुम्ही जे म्हणायचं ते म्हणा. मला फोनवर तुमचा श्वास ऐकू येतो. जिना चढून आल्यासारखा असतो, आणि तुमच्या घराला जिना नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं तर तिने वाचलं. सगळं वाचलं, मग पलंगाखाली वाकून चाकंही बघितली. म्हणाली, 'भाऊजींना भीती वाटतेय की टेबलावरून उठणार नाही, म्हणून होडीत आधी बसायचंय. तुम्हाला भीती वाटतेय की होडीत एकदा बसले की ते म्हणतील, झालं माझं. दोघांनी एकमेकांना सांगायचं सोडून चाकं लपवताय.' पत्र फाडू नका म्हणाली, असंच पाठवा, त्यांना कळू दे तुम्ही कसे आहात ते.

तर ऐक. चाकं बसवली. शनिवारी, एकोणीस तारखेला निघतो, हुकावर वजन बरोबर आहे, होडीत दोन वल्ही आणि दोन फुगीर जॅकेटं, बाकी काही नाही. धाकटी ट्रंक घेऊन वेगळी येणार आहे, तिला मी अडवू शकलो नाही. धक्क्यावर उभा राहू नकोस, घरात बस, मी हॉर्न देईन. दुपारभर होडीत बस, वल्ही मी मारतो, तू नुसता सांग कुठे. उठायचं तुझ्या मनात आलं तर उठ, नाही आलं तर अंधारापर्यंत बस. पण दवाखान्याची पिशवी मला दारात भरलेली दिसली पाहिजे. स्वेटर घाल तिच्यात, तिथे गारठा असतो. (बोलण्यातला 'तू' इथे शिरलाय, लाल पेन उचलू नकोस.) दोन्ही रात्री मी तुझ्याकडे झोपणार आहे, त्याच खोलीत. वहिनी म्हणायच्या तू घोरतोस म्हणून. घोर. मला ऐकू आलं की झोप लागेल.